पीएस४ ठेवू की बदलू? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ठरवायचंय

बोरीकाठ (अमळनेर) · सोमवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी.

घरात २०१८ साली घेतलेला पीएस४ स्लिम हा गेम खेळायचा कन्सोल आहे, ५०० जीबीचा. आठ दिवसांपासून दुपारच्या वेळी त्याचा पंखा असा घोंगावतो की ओसरीत बसलेल्यालाही ऐकू येतो. दोनदा तर गरम झाल्याचा संदेश दाखवून आपोआप बंद पडला. मी यंत्राला दोष देत नाही. आमचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत आहे, सीझनभर कापसाचं तूस उडतं, आणि आता वर ४३ अंशांचं ऊन.

आखाजीला धाकटा भाऊ पुण्याहून येतोय. बहिणी माहेरी येतील, त्यांची पोरं येतील. आमच्याकडे आखाजीला पूर्वी पत्त्यांचे डाव रंगायचे. गेली काही वर्षं त्याच ओसरीत फुटबॉलचे सामने लागतात, हरला तो उठला की पुढचा बसतो. त्या दिवशी कन्सोल बंद पडला तर घरभर हिरमोड होईल.

भावाचं म्हणणं, पीएस४ डिस्कसकट विकून टाक, १२-१३ हजार येतील. त्याच्या मित्राचा एक्सबॉक्स सिरीज एस १७ हजारांना मिळतोय, वर चार-पाच हजार टाकले की झालं. माझं मन डिस्क ड्राइव्हवाल्या पीएस५ मध्ये अडकलंय. हरभऱ्याचे पैसे आलेत, त्यातले २० हजार बाजूला काढलेत. पीएस५ घ्यायचा तर उरलेले हप्त्यावर घ्यावे लागतील, आणि हप्ता म्हटलं की घरात दोन दिवस चर्चा.

तुम्ही असता तर काय केलं असतं?

केळीबाग (सावदा) · सोमवार, रात्री ११:०५

आधी एक सांगा, डिस्क किती आहेत? सिरीज एसला डिस्क टाकायची खाचच नाही. त्याच्यावर जे खेळाल ते सगळं डाउनलोडचं. पीएस४ च्या डिस्क तर तशाही कुठल्याच एक्सबॉक्सवर चालत नाहीत. म्हणजे १२-१३ हजारांचा सौदा करताना त्या डिस्क पुन्हा कधी घेणार नाही असंच धरून चाला.

शिरपूरची ताई · मंगळवार, सकाळी ७:५०

मी दोन वर्षांपूर्वी हाच निर्णय घेतला आणि सिरीज एस आणला, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी दोन पोरं, एक सहावीत, एक नववीत. दोघांच्या आवडी वेगळ्या. डिस्कवाल्या कन्सोलवर दर दोन महिन्यांनी ‘आई नवीन गेम’ सुरू व्हायचं आणि एकेक गेम तीन-चार हजारांचा. एक्सबॉक्सची गेम पास नावाची वर्गणी आहे, तिच्यात महिन्याचे ठरलेले पैसे भरले की गेमची मोठी लायब्ररी उघडी होते. आवडलं नाही तर काढून दुसरं घ्या. लहान्याला मोटारी आवडतात, मोठ्याला हाणामारीपेक्षा बांधकामाचे गेम. दोघांचं भागतं. यंत्र लहान आहे, टीव्हीच्या खणात मावतं, आणि वीज पीएस५ च्या मानाने बरीच कमी खातं. भारतात १० नोव्हेंबर २०२० ला आला तेव्हा त्याची किंमत ३४,९९० होती, त्यामुळे चांगल्या स्थितीतला १७ हजारांना मिळत असेल तर भाव वाईट नाही.

अडचणीही सांगते. गेम पासचे दर वाढत गेलेत. लायब्ररीतून गेम अधूनमधून काढले जातात, एकदा मोठ्याचा अर्धा झालेला गेम गेला आणि तो दोन दिवस जेवायला नीट बसला नाही. आतली जागा ५१२ जीबी, त्यातली वापरायला त्याहून कमी मिळते, त्यामुळे सारखं काढ-घाल करावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्याकडे फायबर आहे. तुमच्याकडे नेट कसलं आहे?

तापीलाईन (नंदुरबार) · मंगळवार, सकाळी ८:१५

अरे बोरीकाठ, तू धागा काढलास आणि फिरतीचं नावसुद्धा घेतलं नाहीस?

इतरांसाठी सांगतो. सुरत-भुसावळ लाईनवर आम्ही सात जण आहोत. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव, जळगाव आणि भुसावळ. सहा वर्षांपूर्वी ठरवलं की प्रत्येकाने वर्षाला एकच डिस्क घ्यायची, दुसऱ्याने घेतलेली घ्यायची नाही. मग त्या फिरवायच्या. आमच्यातले चौघे रोज अप-डाऊन करतात, बोरीकाठही त्यातलाच, जळगावला कामाला, त्यामुळे डिस्क गाडीनेच जाते-येते. फलाटावर हातोहात. बोरीकाठकडे वही असते, कोणाकडे कुठली डिस्क कधीपासून आहे याची. चरा पडला तर ज्याच्या हातून पडला त्याने पुढच्या वर्षी दोन घ्यायच्या. सहा वर्षांत एकदाच ती वेळ आली.

हिशेब करा. प्रत्येकाचा वर्षाचा खर्च एका गेमचा, खेळायला सात. हे गेम पाससारख्या मासिक वर्गणीपेक्षा स्वस्त आहे, आणि आपल्या हातातली डिस्क कोणी मधूनच काढून नेत नाही.

तू सिरीज एस घेतलास तर त्या दिवशी वही दुसऱ्याकडे द्यावी लागेल. रागाने म्हणत नाही, पण निर्णय घेताना हेही धर.

दोंडाईचा मिरची · मंगळवार, सकाळी ९:३०

फिरतीतला मी तिसरा. वरच्याला दुजोरा.

डाउनलोडचा गेम म्हणजे आपण विकत घेतो असं वाटतं, पण दुकानाचं दार कधी बंद होईल ते आपल्या हातात नसतं. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी-यू या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं. एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये बंद झालं. पीएस३ चंही २०२१ मध्ये बंद व्हायचं जाहीर झालं होतं, लोकांनी ओरड केल्यावर राहिलं. घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात हे खरं, पण नवीन काही घेता येत नाही. डिस्क मात्र माझ्या नातवालाही चालवता येईल, तेवढं ते यंत्र जिवंत पाहिजे.

सोल्डर (जळगाव) · मंगळवार, दुपारी १:२०

मी कन्सोल, लॅपटॉप, मदरबोर्ड दुरुस्तीचं काम करतो. विकण्याचा धंदा नाही, त्यामुळे कुठलं घ्या ते माझ्या फायद्याचं नाही.

बोरीकाठ भाऊ, एक गोष्ट खटकली. तुम्ही लिहिलंय दुपारच्या वेळी पंखा घोंगावतो, दुपारीच दोनदा बंद पडला. तापीलाईन म्हणतात तुम्ही रोज अप-डाऊन करता. म्हणजे दुपारी तुम्ही जळगावला कामावर. मग दुपारी तुमच्या घरी खेळतं कोण, आणि किती वेळ? नवीन घ्यायचा की नाही ते त्याच्यावर ठरेल.

बोरीकाठ (अमळनेर) · मंगळवार, रात्री ९:५५

सोल्डर भाऊ, बरोबर पकडलंत. हे मी धागा काढतानाच लिहायला हवं होतं.

दुपारी नाना खेळतात. माझे वडील. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, अमळनेर डेपोला. चाळीसगाव-कन्नड घाटातून पावसाळ्यात किती फेऱ्या केल्या त्याची गणती नाही. निवृत्त झाल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मोटरसायकलसुद्धा नाही. त्या सहा महिन्यांत नाना बोलायचे कमी झाले होते.

फिरतीतून स्नोरनरची डिस्क आली होती. चिखलातून, बर्फातून ट्रक काढायचा, लाकडं, पाइप, डिझेल पोचवायचं. घाई नाही, शर्यत नाही, कोणी मागे लागत नाही. मी एका रविवारी लावून बसलो होतो आणि ट्रक चिखलात रुतवला. नाना मागे खाटेवर पडले होते. म्हणाले, ‘रेस देऊ नको, अजून खाली बसेल. डिफरेन्शियल लॉक कर, लो गिअर टाक, चाक सरळ ठेव.’ तसं केलं आणि गाडी निघाली. त्या दिवशी कंट्रोलर त्यांच्या हातात गेला तो गेलाच.

मेनू इंग्रजीत आहे. नानांनी चित्रं आणि जागा लक्षात ठेवल्या. मिशिगनचे सगळे नकाशे झाले, अलास्का अर्ध्यावर आहे. दुपारी जेवण झालं की बारा ते साडेतीन त्यांची ड्युटी. आई म्हणते, ‘यांची गाडी लागली डेपोतून.’ ती डिस्क फिरतीतून मी विकत घेऊन टाकली, ती आता फिरत नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे. नवं घेतलं तर नानांचा ट्रक कुठे जाणार?

आणि ताई, नेट मोबाइलचंच आहे. गल्लीपर्यंत फायबर आलेलं नाही.

शिरपूरची ताई · मंगळवार, रात्री १०:२०

मग माझं उत्तर बदललं. मोबाइलच्या नेटवर सिरीज एस नको. मोठा गेम १०० जीबीचा असतो. २० एमबीपीएसचा वेग अखंड मिळाला तरी ११ तास लागतात, आणि रोजच्या डेटाच्या मर्यादेत ते बसत नाही.

स्नोरनर एक्सबॉक्सवरही आहे. पण पीएस४ वरचा सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, तिकडे जाणार नाही. नानांना मिशिगनपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. ज्या माणसाने चित्रं बघून मेनू पाठ केलाय त्याच्या हातात वेगळ्या बटणांचा कंट्रोलर द्यायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

लळिंग (धुळे) · मंगळवार, रात्री ११:१०

पीएस५ ची बाजू मी मांडतो, कारण मी पीएस४ वरून गेलो आणि एक दिवसही पस्तावलो नाही.

पहिली गोष्ट, डिस्क ड्राइव्हचा पीएस५ घेतला तर तुमच्या पीएस४ च्या जवळपास सगळ्या डिस्क त्याच्यावर चालतात. फिरती मोडत नाही. सेव्ह युएसबीवर घेऊन नेता येतो, नानांचा अलास्का तिथून पुढे सुरू. पीएस४ चा कंट्रोलरही पीएस४ च्या गेमसाठी पीएस५ वर चालतो, त्यामुळे नानांच्या हातातलं बदलायची गरज नाही. फक्त तो जुना कंट्रोलर पीएस५ च्या गेमला चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी, वेग. पीएस४ वर गेम उघडेपर्यंत चहा करून यायचो, आता बसेपर्यंत सुरू. तिसरी, नवीन मोठे गेम पीएस४ वर येणं थांबत चाललंय. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक नोव्हेंबर २०२२ ला दोन्हींवर आला. स्पायडरमॅन २ ऑक्टोबर २०२३ ला आला तो फक्त पीएस५ वर. जीटीए ६ ची सगळे वाट बघताहेत, तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस साठीच जाहीर झालाय. फुटबॉल मात्र अजून पीएस४ वर येतो, एफसी २६ सुद्धा आला.

पैशाचं म्हणाल तर पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० चा होता. एप्रिल २०२४ ला स्लिम आला तो ५४,९९० ला. मोबाइल, टीव्ही जुने झाले की स्वस्त होतात, हा उलट चढला. थांबलं की स्वस्त मिळेल या भरवशावर मी दोन वर्षं घालवली.

नानांना गाड्यांची आवड आहे तर पीएस५ वर ग्रॅन टुरिस्मो ७ लावून द्या. गाड्या बघूनच खूश होतील.

तापीलाईन (नंदुरबार) · बुधवार, सकाळी ८:०५

लळिंग भाऊ, बाकी सगळं मान्य, शेवटचं सोडून. ग्रॅन टुरिस्मो ७ ला डिस्क असली तरी बहुतेक भाग खेळायला नेट चालू लागतं. अमळनेरला दुपारी नेटवर्क गेलं की नाना नुसते गॅरेज बघत बसतील. शिवाय ती शर्यत आहे. नानांना शर्यत नको, माल पोचवायचाय.

आडगावनं पोर · बुधवार, सकाळी ९:४०

राम राम भाऊ. मना घर बी पीएस४ शे. दिनमा चार येळा लाईट जास, तरी गडी चालू शे. इकू नका भो. जुनं शे म्हनीसन फेकी देवानं का? नानासले मना राम राम सांगज्यात.

केळीबाग (सावदा) · बुधवार, दुपारी १२:३०

एक पर्याय कोणी काढला नाही म्हणून विचारतो, सेकंड हँड गेमिंग पीसी? माझ्या पुतण्याने तेच केलं.

सोल्डर (जळगाव) · बुधवार, दुपारी ३:१५

पीसी ज्याला स्वतः उघडता येतो त्याने घ्यावा. नाना दुपारी एकटे असतात, एखादा अपडेट अडकला तर कोणाला हाक मारणार? कन्सोलचं सुख हेच की एक बटण दाबलं की सुरू होतो. पीसीचा विषय मी इथे सोडतो.

आता गरमीचं नीट सांगतो, कारण खान्देशातल्या कुठल्याही कन्सोलचा खरा प्रश्न हाच आहे, आणि नवा घेतल्याने तो सुटत नाही.

पीएस४ असो की पीएस५, दोन्हींच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलंय. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला बाहेर ४३-४४ असतं तेव्हा पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावर खोलीतच ३८-३९ असतं. म्हणजे सुरू करायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली. त्यात पंखा ओढतो तीच गरम हवा. ५५ हजारांचा पीएस५ आणून त्याच खणात ठेवलात तर पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्याचाही पंखा घोंगावेल.

पहिलं काम, जागा. टीव्हीच्या बंद खणातून बाहेर काढा. खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाटावर ठेवा. मागे आणि बाजूला चार बोटं मोकळी जागा. कूलरसमोर ठेवू नका. लोकांना वाटतं कूलरची गार हवा थेट लागली की बरं, पण ती दमट असते, आणि वाळ्याच्या जाळीतून बारीक धूळ घेऊन येते. ओलसर धूळ हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांवर बसली की तिचा थर चिखलासारखा वाळतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा यंत्रांतली सात-आठ अशीच असतात. कूलर खोलीला लावा, यंत्र त्याच्या झोतातून बाजूला ठेवा.

दुसरं, सफाई. जिनिंगजवळच्या घरात तूस नुसतं बसत नाही, पंख्यात गुंडाळतं आणि हीटसिंकच्या तोंडाशी नमदा तयार होतो. वरून फुंकून तो निघत नाही, आत जातो. यंत्र उघडून पंखा काढून ब्रशने साफ करायला लागतो. त्याच वेळी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलायची, इतक्या वर्षांत ती वाळून खडूसारखी झालेली असते. पीएस४ चं हे काम तासा-दीड तासाचं. पीएस५ मध्ये पेस्टच्या जागी द्रवरूप धातू आहे, तिथे हीटसिंक घरी कोणीही काढू नये, ओघळला तर बोर्ड जातो. त्याच्या बाजूच्या पट्ट्या मात्र हाताने निघतात आणि धूळ ओढून काढायला भोकं दिली आहेत, तेवढं घरी करावं.

तिसरं, वीज. पीएस४ स्लिमचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाने त्याचं फारसं बिघडत नाही. मारतो तो अचानक वाढलेला दाब. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येतात आणि त्या दिवशी गल्लीतले टीव्ही, फ्रिज, कन्सोल सगळे एकत्र जातात. जास्त दाबाला तोडणारा स्टॅबिलायझर किंवा व्होल्टेज कट-ऑफ लावा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर कन्सोल त्याच्यावर घ्या, आणि मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावून ठेवा, म्हणजे लाईट गेल्यावर यंत्र बंद न पडता चालू राहतं. रेस्ट मोड (यंत्र पूर्ण बंद न करता झोपवून ठेवायची सोय) बंद करा. रेस्ट मोडमध्ये लाईट गेली तरी आतल्या हार्ड डिस्कवरचं लिहिणं अर्धवट तुटतं, आणि पुढच्या वेळी सुरू होताना तो तपासणी करत बसतो. कधीतरी त्यात सेव्ह जातो.

म्हणून चौथं, आणि हे आजच रात्री करा. नानांचा सेव्ह पेनड्राइव्हवर घ्या. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट, तिथून सिस्टिम स्टोरेज, तिथून युएसबीवर कॉपी. पाच मिनिटांचं काम आहे. दर रविवारी करत जा.

पाचवं, आतली हार्ड डिस्क. इतकी वर्षं फिरलेली आहे, तिचा भरवसा धरू नका. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, जाडी साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. स्लिममध्ये मागच्या कोपऱ्यातलं झाकण ओढलं की एका स्क्रूवर ट्रे बाहेर येतो. पेनड्राइव्हवरून सिस्टिम सॉफ्टवेअर पुन्हा घालायचं, मग डिस्कवरून गेम, मग सेव्ह परत. पीएस५ इतका वेग येणार नाही, पण नानांचा नकाशा उघडायला लागणारा वेळ नक्की कमी होईल.

हे सगळं करून तुमचे २० हजारांतले बरेचसे शिल्लक राहतील.

लळिंग (धुळे) · बुधवार, रात्री ९:१५

सोल्डर भाऊंनी जागेचं लिहिलं ते वाचून मी माझा पीएस५ खणातून बाहेर काढला. पट्टी काढून बघितली तर भोकांत धूळ साचलेली. आभार.

तरी बोरीकाठ भाऊ, माझं म्हणणं कायम आहे. साफ केला, एसएसडी टाकला, तरी पीएस४ वर नवे गेम यायचे कमी होणार ते होणारच. नानांसाठी ठेवा, पण तुमच्यासाठी कधीतरी बदलावं लागेल. तुमच्या फिरतीतले दोघे-तिघे जरी पीएस५ वर गेले तर ते डिस्क पीएस५ च्याच घेतील आणि त्या तुमच्या पीएस४ वर चालणार नाहीत. पीएस४ ची डिस्क पीएस५ वर चालते, उलटं होत नाही.

दोंडाईचा मिरची · बुधवार, रात्री ९:४०

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि आम्ही सातांनी तो आजवर बोलायचा टाळलाय. भुसावळवाला दिवाळीत पीएस५ घेणार आहे. आपण नियम करू या, जोपर्यंत चार जण पीएस४ वर आहेत तोपर्यंत फिरतीत पीएस४ चीच आवृत्ती घ्यायची, दोन्हींवर चालेल अशी. ज्याला फक्त पीएस५ चा गेम पाहिजे त्याने तो वेगळा घ्यावा.

सिंहगड रोड (पुणे) · बुधवार, रात्री ११:३०

मी बोरीकाठचा धाकटा भाऊ. दादाने धाग्याची लिंक पाठवली.

दादा, नाना रोज खेळतात हे मला खरंच माहीत नव्हतं. फोनवर ते फक्त ‘जेवलो, बरं आहे’ एवढंच म्हणतात. मला वाटलं कन्सोल आखाजी-दिवाळीलाच निघतो, म्हणून विकायचं म्हणालो. सिरीज एसचा विषय बंद. मित्राला तसं कळवलंय.

एसएसडी माझ्याकडून. १ टीबीची घेऊन येतो, आखाजीच्या दोन दिवस आधी पोचतो, आपण दोघं मिळून बसवू. सोल्डर दादा, पेस्टचं काम तुमच्याकडे आणलं तर आदल्या दिवशी करून द्याल का?

आणि पोरांसाठी एक. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केलेला राजी हा गेम २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग पीएस४ वर आला. भावाला शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, दुर्गा, विष्णू. आपल्या ताईच्या पोरीला दाखवायचाय. तो डाउनलोड करून लागेल, पण माझ्याकडच्या नेटवर उतरवून हार्ड डिस्कवर आणतो, आपलं खातं एकच आहे.

सोल्डर (जळगाव) · गुरुवार, सकाळी १०:१०

आणा. बोरीकाठ भाऊंनी कामावर येताना गाडीत घेऊन यावा, संध्याकाळी परत न्यावा. कापडात गुंडाळा, पिशवीत उभा ठेवा.

शिरपूरची ताई · गुरुवार, सकाळी ११:००

सिंहगड रोड, कंट्रोलरही बघून घ्या. रोज साडेतीन तास वापर म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या काड्या झिजलेल्या असतील. ट्रक सरळ जाताना आपोआप एका बाजूला ओढत असेल तर तेच कारण. नाना म्हणत असतील रस्ताच उतरता आहे.

बोरीकाठ (अमळनेर) · गुरुवार, रात्री १०:१५

ताई, तुम्हाला कसं कळलं? नाना महिनाभर म्हणताहेत, ‘डाव्या बाजूला ओढतेय, अलाइनमेंट गेलीय.’ मला वाटायचं गेममधला ट्रकच तसा आहे. नवीन कंट्रोलर घेतो.

बोरीकाठ (अमळनेर) · दहा दिवसांनंतर, रात्री ९:२०

काय झालं ते लिहितो, म्हणजे धागा अर्धवट राहायला नको.

पीएस४ ठेवला. सोल्डर भाऊंनी उघडला तेव्हा पंख्याभोवती तळहाताएवढी तुसाची चकती निघाली, वातीसाठी कापूस पिंजून ठेवतात तशी. पेस्ट बदलली, पंख्याला तेल दिलं. भावाने एसएसडी आणली, रात्री दोघांनी मिळून बसवली. बसवताना नाना मागे उभे होते, ‘स्क्रू वाटीत ठेवा, चादरीवर नको,’ एवढंच म्हणाले. सेव्ह परत आला. अलास्का होता तिथेच.

जागा बदलली. वरच्या खोलीतून खाली, आतल्या घरात, पाटावर. कूलर दाराशी. काल बाहेर ४४ होतं, साडेबारा ते तीन चालला, पंख्याचा आवाज शेजारी बसल्यावर कळेल एवढाच. आईनेही आता दुपारी तिथेच झोपायला सुरुवात केलीय, आतल्या घरात बरं वाटतं म्हणते.

नवीन कंट्रोलर लागल्यावर नानांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा ट्रक उजवीकडे घातला. महिनाभर ते डावीकडची ओढ सांभाळत होते, हाताला तीच सवय लागली होती.

आखाजीला सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंत सामने झाले, एकदाही बंद पडला नाही. मोठ्या बहिणीची पोरगी सगळ्यांना हरवून गेली. मधे दोन तास नानांची वेळ म्हणून सामने थांबवले, तेव्हा सगळी पोरं खाली बसून नानांचा ट्रक बघत होती आणि ‘विंच लावा, विंच लावा’ ओरडत होती.

पीएस५ चे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत. कापूस आल्यावर बघू, घेतला तर डिस्क ड्राइव्हचाच घेईन आणि पीएस४ नानांकडे राहील. लळिंग भाऊ, तुमचा सल्ला त्या दिवसासाठी जपून ठेवलाय.

फिरतीवाल्यांसाठी. दोंडाईचाचा नियम सातही जणांनी मान्य केला, वहीत पहिल्या पानावर लिहिलाय. सध्या क्रिकेट २४ धरणगावला, रॅग्नारॉक शिंदखेड्याला, एफसी माझ्याकडे. एफसीची पाळी नंदुरबारची आहे, सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने शिंदखेड्यापर्यंत देतो, तापीलाईन, तू पुढे घ्यायला डब्याच्या दाराशी उभा राहा. आणि भुसावळ, होरायझन दोन महिने झाले तुझ्याकडे आहे, संपला असेल तर पाठव, नाना अलास्का संपवून बर्फाला कंटाळलेत आणि रशियाच्या चिखलात उतरायच्या आधी काहीतरी वेगळं बघायचंय म्हणाले.